वाल्डॉर्फ परिसर: संशोधनासाठी माणसे मिळवण्याचा इतिहास

नवे औषध, नवी लस किंवा माणसाच्या मनाविषयीचा नवा सिद्धान्त शेवटी माणसावरच पडताळून पाहावा लागतो, आणि त्यासाठी आधी माणूस मिळवावा लागतो. विद्यापीठांनी ही माणसे कुठून मिळवली, त्यांना काय सांगितले आणि त्यांच्या होकाराला किती किंमत दिली, याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास नैऋत्य जर्मनीतील वाल्डॉर्फ या शहराच्या अवतीभोवती बऱ्याच अंशी पाहायला मिळतो. १३८६ मध्ये स्थापन झालेले हायडेलबर्ग विद्यापीठ वाल्डॉर्फच्या उत्तरेला अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. त्याच विद्यापीठाची दुसरी वैद्यकीय विद्याशाखा मानहाइम शहरात आहे. मनोरुग्णालयासाठी ओळखले जाणारे वीसलोख तर अगदी शेजारी, इतके की दोन्ही गावांचे रेल्वे स्टेशन एकच असून त्याचे नाव 'वीसलोख-वाल्डॉर्फ' असे आहे.

वाल्डॉर्फची स्वतःची ओळख वेगळी. शतावरीचे कोंब पिकवणारे हे शेतकऱ्यांचे गाव. योहान याकोब आस्टोर १७६३ मध्ये येथे जन्मला आणि पुढे अमेरिकेत जाऊन अफाट श्रीमंत झाला. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध हॉटेलाच्या नावात हे गाव आजही आहे. १९७७ पासून येथे एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचे मुख्यालय आहे आणि त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनेक अभियंत्यांना हे नाव परिचयाचे आहे. वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासात मात्र हे गाव आधी परिघावर होते. पुढे याच कंपनीतून आलेल्या पैशामुळे ते त्या इतिहासात थेट शिरले.

एकोणिसाव्या शतकात विद्यापीठाच्या रुग्णालयात येणारा रोगी बहुतेक वेळा गरीब असे. ज्याच्याकडे पैसे होते त्याच्याकडे डॉक्टर घरी जात. उपचार फुकट किंवा स्वस्तात मिळत, आणि त्याच्या बदल्यात विद्यार्थ्यांसमोर तपासणी करून घेणे व प्रोफेसरांच्या नव्या उपायांना सामोरे जाणे रोग्याने गृहीत धरावे अशी अपेक्षा होती. त्या काळच्या जर्मन वैद्यकीय लेखांत रुग्णांच्या समूहाला सर्रास 'मटेरियाल', म्हणजे साहित्य, असे म्हटलेले आढळते. प्रयोगाला माणूस मिळवण्याचा प्रश्न तेव्हा कोणी प्रश्न म्हणून मांडलाच नाही, कारण माणूस खाटेवर होताच.

मानसशास्त्राची वाट मात्र सुरुवातीपासून निराळी होती. मानहाइमच्या नेकाराऊ भागात १८३२ मध्ये जन्मलेले विल्हेल्म वुंट हायडेलबर्गमध्ये वैद्यक शिकले आणि हेल्महोल्ट्झ यांचे सहायक झाले. १८७४ पर्यंत ते त्याच गावात होते. लाइप्झिगची प्रसिद्ध प्रयोगशाळा त्यांनी त्यानंतर, १८७९ मध्ये, उभारली. आवाज ऐकल्यापासून कळ दाबेपर्यंत किती वेळ जातो, दोन संवेदनांतला फरक केव्हा जाणवतो, असे त्यांचे प्रयोग होते. त्यात ज्याच्यावर प्रयोग होई तो प्रशिक्षित निरीक्षक मानला जाई. आज एक विद्यार्थी यंत्र चालवी आणि दुसरा खुर्चीत बसे, उद्या जागा बदलत. स्वतः प्रोफेसरही खुर्चीत बसत. लेखात त्यांची नावे छापली जात. एकाच विद्यापीठाच्या दोन इमारतींत प्रयोगाखालच्या माणसाला इतके वेगळे स्थान असावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकीकडे तो सहकारी होता, दुसरीकडे साहित्य.

या दोन्ही वाटा एका माणसाकडे एकत्र आल्या. वुंट यांचे शिष्य एमिल क्रेपेलिन १८९१ मध्ये हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९०३ पर्यंत तिथे राहिले. प्रत्येक रुग्णाच्या आजाराची वाटचाल ते स्वतंत्र कार्डावर नोंदवून ठेवत. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या आजाराची त्यांनी केलेली मांडणी याच कार्डांवर उभी राहिली. रुग्णांना याविषयी कोणी विचारले नव्हते. दुसऱ्या बाजूला दारू, चहा आणि काही औषधे माणसाच्या साध्या मानसिक क्रियांवर काय परिणाम करतात हे पाहणारे त्यांचे प्रयोग चालू होते आणि १८९२ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. त्यासाठी माणसे होती ते स्वतः, त्यांचे सहायक आणि विद्यार्थी. काम कंटाळवाणे होते. छापील वहीतल्या एकेक आकड्यांच्या बेरजा तासन्‌तास करत राहायच्या आणि थकव्याने वेग कसा घटतो ते मोजायचे. इंग्लंडचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सही येथे येऊन या कामात सहभागी झाले. दोघांचा थकवा आणि विश्रांतीवरचा संयुक्त लेख १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय वाचकांना रिव्हर्स ठाऊक आहेत ते निलगिरीतल्या तोडा लोकांवरील १९०६ च्या ग्रंथामुळे.

रोग्याची परवानगी घ्यावी हा विचार जर्मनीत एका बदनामीतून पुढे आला. ब्रेस्लाऊ येथील त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नाइसर यांनी १८९२ मध्ये सिफिलिसच्या रोग्यांच्या रक्तातला सीरम इतर आजारांसाठी दाखल झालेल्या स्त्रियांना टोचला. त्यांत वेश्या होत्या आणि अल्पवयीन मुलीही होत्या. त्यांना काही सांगितले गेले नव्हते, आणि काहींना पुढे सिफिलिस झाला. प्रकरण वृत्तपत्रांत गाजले, संसदेत चर्चा झाली आणि नाइसर यांना दंड झाला. २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्र्यांनी रुग्णालयांच्या प्रमुखांना आदेश काढला. उपचार, निदान किंवा रोगप्रतिबंध हा हेतू नसलेली कोणतीही क्रिया अल्पवयीन किंवा असमर्थ व्यक्तीवर करू नये, आणि इतरांवर करायची तर संभाव्य दुष्परिणाम समजावून स्पष्ट संमती घ्यावी, असे त्यात होते. जगातल्या अशा पहिल्या सरकारी नियमांपैकी हा एक. पण तो प्रशियापुरता होता. हायडेलबर्ग आणि वाल्डॉर्फ तेव्हा बाडेनच्या स्वतंत्र संस्थानात होती, त्यामुळे त्यांना तो लागू नव्हता.

नेमक्या त्याच दशकात मुंबईतही हा प्रश्न उभा होता. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या कैद्यांपैकी तयार झालेल्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या १४७ जणांत २ जणांना प्लेग झाला आणि कोणी दगावले नाही. न घेतलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले आणि ६ मरण पावले. शास्त्रज्ञाने आधी स्वतःवर प्रयोग करण्याची प्रामाणिक परंपरा यात दिसते. कैद्यांनी हात पुढे केला हेही खरे. पण दाराबाहेर जाण्याची मुभा नसलेल्या आणि आत साथ पसरलेल्या माणसाचा होकार किती मोकळा, हा प्रश्न त्या आकड्यांच्या मागे उरतोच.

हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात पहिल्या महायुद्धानंतर कार्ल विल्मान्स प्रमुख असताना कुर्ट बेरिंगर यांनी मेस्कलीन या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्याचे प्रयोग केले. वेड लागलेल्या माणसाला जग कसे दिसत असेल, हे शहाण्या माणसाने काही तास अनुभवून सांगावे, ही त्यामागची कल्पना. भाग घेणारे मुख्यतः डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी होते. सुईनंतर त्यांनी जे पाहिले, ऐकले, भोगले ते त्यांनी स्वतः लिहून काढले आणि १९२७ च्या बेरिंगर यांच्या ग्रंथाचा मोठा भाग या निवेदनांनी व्यापलेला आहे. धोका होताच. तरीही यातला माणूस काय चालले आहे ते जाणत होता, नकार देऊ शकत होता आणि शेवटी त्याचेच शब्द पुरावा म्हणून छापले गेले.

१९३० मध्ये ल्यूबेक शहरात क्षयाच्या लशीत जिवंत घातक जंतू मिसळले गेले आणि ७० हून अधिक तान्ही मुले दगावली. त्या धक्क्याने प्रयोगांवर आधीच चालू असलेल्या चर्चेला जोर आला आणि २८ फेब्रुवारी १९३१ रोजी जर्मन गृहमंत्रालयाने सगळ्या देशासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आजही ती वाचताना थक्क व्हायला होते. नवा उपचार आणि निव्वळ शास्त्रीय प्रयोग यांत त्यांनी फरक केला. रोग्याच्या गरिबीचा फायदा घेऊन नवा उपचार करणे वैद्यकीय नीतीला धरून नाही, असे स्पष्ट म्हटले. १८ वर्षांखालील मुलाला किंचितही धोका होत असेल तर त्याच्यावर प्रयोग करायला मनाई केली. मरणासन्न माणसावर प्रयोग करण्यालाही मनाई होती. त्या काळात इतके तपशीलवार नियम दुसऱ्या कोणत्याही मोठ्या देशाकडे नव्हते.

दोन वर्षांनी नाझी सत्तेवर आले. विल्मान्स यांना १९३३ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या जागी कार्ल श्नायडर आले. १९४० पासून मनोरुग्णांना ठार मारण्याच्या सरकारी योजनेत, जिला 'टी-४' म्हणतात, ते एक तज्ज्ञ सल्लागार होते. वीसलोखच्या रुग्णालयातून रुग्णांना राखाडी बसगाड्यांत भरून नेले जाई, आणि १९४० मध्ये त्यांना ग्राफेनेक येथे विषारी वायूने मारले गेले. या हत्येत श्नायडर यांना संशोधनाची संधी दिसली. १९४२ च्या अखेरीस त्यांनी वीसलोख येथे संशोधन विभाग उघडला आणि युद्धामुळे तो पुढे हायडेलबर्गला हलवला. १९४३ ते १९४४ या काळात मतिमंद ठरवलेली ५२ मुले तिथे आणली गेली. प्रत्येकाला काही आठवडे ठेवून मोजमापे, चाचण्या आणि मेंदूत हवा भरून काढलेले क्ष-किरण फोटो अशी तपासणी झाली. हा शेवटचा प्रकार अत्यंत वेदनादायक असे. त्यानंतर ऱ्हाइनगाऊ भागातल्या आइखबर्ग संस्थेत त्यांना मारायचे आणि जिवंतपणीचे निष्कर्ष मेंदूच्या शवविच्छेदनाशी ताडून पाहायचे, अशी योजना होती. २१ मुले अशा रीतीने मारली गेली. बाकीची वाचली, कारण युद्ध संपत आले होते.

१९३१ ची तत्त्वे या सगळ्या काळात कागदावर कायम होती. मुलांविषयीचे कलमही त्यांत होते. नियमांच्या अभावामुळे हे घडले असे म्हणता येत नाही. त्या मुलांना नकाराचा अधिकार नव्हता, त्यांच्या बाजूने नकार देईल असा कोणी डॉक्टर, न्यायाधीश किंवा शेजारी पुढे आला नाही, आणि नियम पाळला जातो की नाही हे पाहणारे प्रयोग करणाऱ्यांहून वेगळे असे कोणीही नव्हते. संशोधनात माणसे घेण्याच्या पुढच्या सगळ्या व्यवस्थेकडे या तीन उणिवांच्या उजेडात पाहिले पाहिजे.

श्नायडर यांनी डिसेंबर १९४६ मध्ये कोठडीत आत्महत्या केली. त्याच सुमारास न्यूरेंबर्ग येथे २३ जणांवर, बहुतांश डॉक्टरांवर, खटला सुरू झाला. ऑगस्ट १९४७ च्या निकालपत्रात दिलेल्या दहा तत्त्वांना न्यूरेंबर्ग संहिता म्हणतात. सहभागी व्यक्तीची स्वेच्छेची संमती 'सर्वथा आवश्यक' हे त्यातले पहिले वाक्य. जर्मन डॉक्टरांच्या वतीने या खटल्याचे निरीक्षण करायला हायडेलबर्गचे आलेक्झांडर मिचेरलिख गेले होते आणि त्यांच्यासोबत फ्रेड मिल्के हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. दोघांनी कागदपत्रे एकत्र करून १९४७ मध्ये हायडेलबर्ग येथूनच पुस्तक प्रसिद्ध केले. वैद्यकीय वर्तुळातल्या अनेक बड्या मंडळींनी त्यांच्यावर रोष धरला. १९४९ ची विस्तृत आवृत्ती खास डॉक्टरांसाठी छापली गेली, पण तिच्यावर जवळजवळ कसलीच प्रतिक्रिया उमटली नाही.

कायद्याने खरा आकार घेतला तो आणखी एका आपत्तीनंतर. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध 'कॉन्टेरगान' या नावाने १९५७ ते १९६१ या काळात पश्चिम जर्मनीत विकले गेले आणि हजारो मुले अपंग जन्मली. औषध बाजारात आणण्यापूर्वी माणसांवर शिस्तीने चाचणी झालीच पाहिजे, अशी सक्ती तोवर नव्हती. १९७६ मध्ये मंजूर झालेला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झालेला औषध कायदा ही सक्ती घेऊन आला आणि त्याबरोबरच सहभागी व्यक्तीचे संरक्षणही त्याच कायद्यात लिहिले गेले. लेखी माहिती, संमती आणि केव्हाही माघार घेण्याचा हक्क त्यात होता. प्रत्येक सहभागीचा विमा बंधनकारक झाला. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास द्यायची किमान रक्कम आज ५ लाख युरो आहे. प्रयोगकर्त्यांहून वेगळी अशी नीतिसमिती विद्यापीठांत याच दशकात आकाराला येऊ लागली.

मानहाइम येथे १९७५ मध्ये केंद्रीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक हाइन्झ हेफ्नर. रुग्णाला गावाबाहेरच्या मोठ्या आवारात न ठेवता शहराच्या मध्यभागी त्याच्यावर उपचार करायचे, हे या संस्थेचे धोरण. हेफ्नर यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू केला आणि त्याचे क्षेत्र म्हणून मानहाइम, हायडेलबर्ग, ऱ्हाइन-नेकार जिल्हा आणि पूर्व फाल्झ हा सुमारे १५ लाख वस्तीचा प्रदेश निवडला. वाल्डॉर्फ याच जिल्ह्यात येते. दोन वर्षांत या प्रदेशातल्या दहा मनोरुग्णालयांत स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्याने दाखल झालेल्या २३२ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या. आजाराची पहिली बारीक खूण केव्हा दिसली, कामात लक्ष लागेनासे केव्हा झाले, मित्र केव्हा तुटले, हे रुग्णाला विचारले आणि नातेवाइकांनाही विचारले. रुग्णालयात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी आजार सुरू झालेला असतो आणि स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा सरासरी तीन ते चार वर्षे उशिरा सुरू होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. क्रेपेलिन यांची कार्डे आणि हेफ्नर यांच्या मुलाखती यांचा विषय एकच, प्रदेशही एकच. फरक असा की आता रुग्णाला स्वतःची कहाणी सांगायला बसवले होते.

यानंतर विद्यापीठांना रोग्यांपेक्षा निरोगी माणसांची जास्त गरज भासू लागली. कोणाला पुढे आजार होईल हे पाहायचे तर आजारापूर्वी गाठ घ्यावी लागते. हायडेलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्राने, म्हणजे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या डीकेएफझेडने, 'एपिक' या युरोपीय प्रकल्पासाठी १९९४ ते १९९८ या काळात हायडेलबर्ग आणि आसपासच्या गावांतून २५,५४० जण गोळा केले. पद्धत साधी होती. जर्मनीत प्रत्येक रहिवाशाला आपला पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो. त्या नोंदवहीतून स्त्रिया ३५ ते ६५ आणि पुरुष ४० ते ६५ या वयोगटातून निवडून पत्रे पाठवायची. आलेल्यांचे वजन, उंची, रक्तदाब मोजायचा, रक्त साठवायचे, काय खाता याची लांबलचक प्रश्नावली भरून घ्यायची आणि पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार ठेवायचा. पत्र मिळालेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोक आले.

'नाको' हा राष्ट्रीय प्रकल्प याच पद्धतीची मोठी आवृत्ती आहे. २०१४ ते २०१९ या काळात १८ केंद्रांत २० ते ६९ वयाचे २ लाख ५ हजारांहून अधिक लोक तपासले गेले. मानहाइम हे त्यातले एक केंद्र, आणि ज्या पाच केंद्रांत संपूर्ण शरीराचे एमआरआय झाले त्यांपैकीही एक. या प्रकल्पात पत्र मिळालेल्यांपैकी एक-पंचमांशाहूनही कमी लोक आले. जे येतात ते बहुधा अधिक शिकलेले आणि आरोग्याची काळजी घेणारे असतात, त्यामुळे मिळणारे चित्र समाजापेक्षा थोडे निरोगी दिसते. संशोधकांना हे माहीत असते आणि हिशेब करताना ते त्याची दुरुस्तीही करतात. पण नकार देणाऱ्यांना जबरदस्तीने आणता येत नाही, आणि ते तसेच असायला हवे. जिथे नकाराची संख्या मोठी आहे तिथला होकार विश्वासार्ह असतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची जुनी खुर्ची मात्र सुटलेली नाही. जर्मन विद्यापीठांत पदवीपूर्वी ठराविक तास इतरांच्या प्रयोगांत 'फर्झुख्सपेर्झोन', म्हणजे प्रयोगातली व्यक्ती, म्हणून बसावे लागते आणि त्याची नोंद होते. वुंट यांच्या काळात ही देवाणघेवाण होती. आता ती अभ्यासक्रमाची अट आहे. पदवीसाठी आवश्यक तास हा एक हलका दबावच आहे, म्हणून अनेक ठिकाणी पर्यायी काम देण्याची सोय ठेवतात. बाहेरच्या लोकांना तासाप्रमाणे मानधन देतात. पूर्वी भोजनगृहाच्या फलकावर चिठ्ठ्या लागत, आता नावनोंदणी सॉफ्टवेअरवर होते.

वाल्डॉर्फचा थेट प्रवेश होतो तो २००५ मध्ये. एसएपीच्या पाच संस्थापकांपैकी डीटमार होप यांच्या जैवतंत्रज्ञानातल्या गुंतवणुकी सांभाळणारी 'डीव्हिनी' ही कंपनी त्या वर्षी येथे सुरू झाली. तिचे कार्यालय योहान याकोब आस्टोर मार्गावर आहे. या कंपनीच्या पैशावर अनेक नव्या औषधांच्या मानवी चाचण्या उभ्या राहिल्या. त्यांतली सर्वांत मोठी ट्युबिंगेनच्या क्युरव्हॅक कंपनीच्या कोविड लशीची. पहिल्या टप्प्याची चाचणी जून २०२० मध्ये सुरू झाली आणि ट्युबिंगेन विद्यापीठाचे रुग्णालय तिच्या केंद्रांपैकी एक होते. अखेरच्या टप्प्यात युरोप आणि लॅटिन अमेरिकेत मिळून सुमारे ४०,००० जण सहभागी झाले. जून २०२१ मध्ये परिणामकारकता सुमारे ४८ टक्के निघाली आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने ही लस मागे घेतली. लस अपयशी ठरली, तरी त्या ४०,००० जणांचे देणे फुकट गेले नाही. तिच्या मर्यादा त्यांच्या दंडांवरच कळल्या आणि कोट्यवधींना टोचण्यापूर्वी कळल्या.

भारतात हीच व्यवस्था उशिरा पण वेगाने उभी राहिली. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. जर्मनीची नोंदवही फ्रायबुर्ग विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झाली. भारताच्या २०१९ च्या नव्या नियमांनी दुबळ्या गटांतल्या सहभागींची संमती, काही नव्या औषधांच्या चाचण्यांत, दृक्‌श्राव्य रूपात नोंदवणे सक्तीचे केले आहे. वाचता न येणाऱ्या माणसाला काय सांगितले गेले हे नंतर तपासता यावे, हा त्यामागचा हेतू. वाल्डॉर्फसारख्या शहरात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची अडचण उलटी आहे. नगरपालिकेच्या नोंदवहीत त्यांचे नाव असते, पण 'नाको'मध्ये भाग घ्यायला पुरेसे जर्मन येणे आवश्यक होते. माहितीपत्र समजले नाही तर संमतीला अर्थ उरत नाही, हे बरोबरच आहे. मात्र भाषांतराची सोय होत नाही तोवर नव्याने आलेल्या माणसांचे आजार या आकडेवारीत कमी दिसणार.

आज युरोपात औषधांच्या चाचण्या ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या समान युरोपीय नियमांखाली होतात. सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, आपल्या उपचारांवर परिणाम न होता बाहेर पडू शकते. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयासमोर १९९८ मध्ये एक स्मारक उभारले गेले. श्नायडर यांच्या संशोधनासाठी मारल्या गेलेल्या त्या २१ मुलांचे ते स्मारक आहे.